विश्लेषण : रक्तवाहिनी फोडते कोण? फुरशाचे विष की रक्ताचा दाब?

भातकापणी आणि पाठोपाठ गवतकापणी सुरू झाली की संगमेश्वर तालुक्यातल्या सड्यांवर माणसांचा वावर वाढतो. तिथेच, कातळावरच्या दगडांखाली आणि गडग्यांच्या फटींत फुरसे असते. लांबी जेमतेम दीड-दोन फूट. रत्नागिरी जिल्ह्याच्या सरकारी इतिहासातही या सापाची नोंद आहे. ब्रिटिश अमदानीत फुरसे मारून आणणाऱ्याला बक्षीस मिळे. डिसेंबर १८६२ मध्ये बक्षिसाची रक्कम वाढवली, तेव्हा अवघ्या काही दिवसांत एक लाखाहून अधिक फुरशी मारली गेली. फुरसे तरीही संपले नाही.

हा साप चावल्यावर सूज येते, जखमेतून रक्त झिरपत राहते. पुढे हिरड्यांतून, लघवीतूनही रक्त जाऊ लागते. विषामुळे रक्त गोठवणारे घटक संपून जातात, हे एक कारण. पण न गोठणारे रक्तही वाहिनीच्या आत असेपर्यंत बाहेर येत नाही. मग वाहिनीला भोक कोण पाडते?

कोस्टा रिकातल्या प्रयोगशाळेत काय आढळले?

या प्रश्नाचा पाठपुरावा कोस्टा रिका विद्यापीठाच्या क्लोदोमिरो पिकादो संस्थेने अनेक वर्षे केला. ही संस्था स्वतः प्रतिविषही तयार करते. तिथले संशोधक होसे मारिया गुतिएरेझ आणि सहकाऱ्यांपुढे एक कोडे होते. विषातले रक्तस्राव घडवणारे विकर काचेच्या बशीत वाढवलेल्या वाहिनीच्या पेशींवर टाकले, तर त्या तासन्‌तास तग धरत. तेच विकर उंदराच्या स्नायूत टोचले, तर काही मिनिटांत रक्तस्राव सुरू होई. बशीत नसलेली आणि उंदरात असलेली गोष्ट म्हणजे वाहते रक्त.

त्यावरून त्यांनी दोन टप्प्यांची मांडणी केली. केशवाहिनीच्या पेशींभोवती एक अतिशय पातळ आवरण असते. त्याला ताकद मिळते ती मुख्यतः ‘कोलॅजन-४’ या प्रथिनाच्या जाळीमुळे. विषातले विकर ही जाळी कापतात. हा पहिला टप्पा. दुसरा टप्पा रक्तच पार पाडते. आधार गेलेली भिंत आतल्या दाबाने फुगते, पातळ होते आणि फाटते. सायकलचा टायर चिरला की आतली ट्यूब फुग्यासारखी बाहेर येऊन फुटते, तसेच. चीर विष देते, फोडते ती आतली हवा. शिवाय नळी जितकी फुगेल तितका तिच्या भिंतीवरचा ताण वाढतो, त्यामुळे एकदा फुगवटा आला की तो थांबत नाही.

कोस्टा रिकातले प्रयोग प्रामुख्याने तिथल्या ‘बोथ्रॉप्स अ‍ॅस्पर’ या सापाच्या विषावर झाले. पण याच गटातले विकर फुरशाच्या विषातही मोठ्या प्रमाणात असतात.

मग दोरी बांधायची की नाही?

नाही. गावोगावी आजही चावल्याजागेच्या वर दोरी किंवा फडके आवळले जाते. आवळल्याने आधी शिरा दबतात, कारण त्यांची भिंत मऊ असते. रक्त खाली उतरते पण परत वर जात नाही, आणि दोरीखालच्या केशवाहिन्यांतला दाब वाढतो. म्हणजे जाळी कापलेल्या भिंतीवर आपणच जोर लावतो. ब्लेडने चिरा देणे तर आणखी वाईट. न गोठणाऱ्या रक्ताला ती नवी वाट होते. अवयव न हलवता रुग्णाला सरळ दवाखान्यात न्यावे, एवढेच घरच्यांच्या हातात असते.

प्रतिविष दिले की झाले?

भारतातले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. मुंबईची हाफकिन संस्थाही ते बनवते. ते रक्तात फिरणारे विष निकामी करते, पण आधीच कापली गेलेली जाळी सांधत नाही. ते काम शरीर सावकाश करते. म्हणून पहिली मात्रा कधी मिळाली याला इतके महत्त्व. वाडीपासून डांबरी रस्ता, तिथून देवरुख किंवा संगमेश्वर आणि वेळ पडली तर पुढे रत्नागिरी, या प्रवासात जाणारा वेळ हा उपचाराचाच भाग मानायला हवा.

दुसरी अडचण विषाच्या फरकाची. प्रतिविषासाठी लागणारे विष प्रामुख्याने तमिळनाडूतील इरुला सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते आणि काही ठिकाणी प्रतिविष कमी पडते, हे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी दाखवले आहे.

सरकार काय करते आहे?

देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले, असा अंदाज २०२० च्या एका अभ्यासात मांडला गेला. सरकारी नोंदीत यातले फारच थोडे दिसतात. केंद्राने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे, हे त्याचे उद्दिष्ट. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी, असे पत्रही राज्यांना गेले.

नोंदीइतकीच गरज आहे ती प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविषाचा साठा असण्याची आणि रात्रीही ते देणारा डॉक्टर हजर असण्याची. निदानासाठी मोठे यंत्र लागत नाही. शिरेतले दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करून पाहायची. रक्त पातळच राहिले, तर प्रतिविष लगेच सुरू करायचे. नळी मात्र काचेचीच हवी. प्लास्टिकच्या नळीत ही चाचणी फसवते.