इंजेक्शनने शेळ्या एकाच वेळी माजावर येतील, पण पुढचं गणित कोण जुळवणार?

'दहा शेळ्या आणि एक बोकड' हा सरकारी योजनेतला गट महाराष्ट्रातल्या गावागावांत माहीत आहे. आता या दहाही शेळ्या एकाच वेळी गाभण राहाव्यात, म्हणून हार्मोनच्या उपचारांची चर्चा वाढली आहे. हे तंत्र नेमकं काय आहे आणि ते कुणाच्या कामाचं आहे?

गरज का पडते?

शेळी साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि हा माज एक-दीड दिवस टिकतो. गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो. कळपात प्रत्येकीची तारीख वेगळी असली की करडं वर्षभर विखुरलेली जन्मतात. मग लसीकरण, जंतनाशक, खुराक आणि विक्री यांतलं काहीच एकगठ्ठा होत नाही. व्यापाऱ्याला सारख्या वजनाची वीस करडं हवी असतात. आपल्याकडे विकण्याजोगी तीनच असली की भाव तोच ठरवतो.

बकरी ईदचं उदाहरण घ्या. कुर्बानीचा बोकड किमान वर्षाचा लागतो. त्यात गाभणकाळाचे पाच महिने धरले तर शेळी ईदच्या किमान १७ महिने आधी फळायला हवी. शिवाय ईद दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकते. हे गणित नशिबावर सोडण्यासारखं नाही.

तंत्र काय आहे?

मुख्य पद्धती दोन आहेत.

पहिली स्पंजची. प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन असलेला छोटा स्पंज योनीमार्गात ठेवतात. तो आत असेपर्यंत माज थांबून राहतो. दहा-बारा दिवसांनी स्पंज काढताना बहुधा ईसीजी या हार्मोनचं इंजेक्शन देतात. त्यानंतर एक-दोन दिवसांत बहुतेक शेळ्या माजावर येतात.

दुसरी प्रोस्टाग्लँडिनची. साधारण ११ दिवसांच्या अंतराने दोन इंजेक्शनं दिली जातात. हे औषध अंडाशयातल्या पीतपिंडावर काम करतं. त्यामुळे जिचं चक्र सुरूच नाही, त्या हडकुळ्या शेळीवर त्याचा उपयोग होत नाही. शेळी गाभण असेल तर गर्भपात होतो, म्हणून आधी तपासणी हवीच. गरोदर महिला आणि दम्याच्या रुग्णांनी हे औषध हाताळू नये. शेळ्यांचं बरंचसं काम घरातल्या बायका करतात, त्यामुळे ही सूचना औषध देतानाच तोंडी सांगायला हवी.

अडचण कुठे आहे?

एरवी २५-३० शेळ्यांना एक बोकड पुरतो, कारण माज विखुरलेला असतो. दहाही शेळ्या दोन दिवसांत माजावर आल्या की एकटा बोकड थकतो. उपचारांचा खर्च होतो आणि काही शेळ्या रिकाम्या राहतात. म्हणजे जादा बोकड हवेत किंवा वेळेवर कृत्रिम रेतन हवं. गायी-म्हशींचं रेतन गावोगावी पोहोचलं, शेळीच्या बाबतीत अजून तेवढी मजल गेलेली नाही.

त्यात ईसीजी वारंवार दिलं तर शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि परिणाम घटतो. पाच महिन्यांनी सगळ्या शेळ्या एकाच आठवड्यात विणार. तेव्हा चीक, निवारा आणि चाऱ्याची सोय नसेल तर करडं दगावण्याचा धोकाही एकदमच येतो.

मग करायचं काय?

माझं मत स्पष्ट आहे. चार-पाच शेळ्यांच्या घराने सुरुवात हार्मोनपासून करू नये. बोकड तीन-चार आठवडे पूर्ण वेगळा ठेवावा. तो दिसू नये, त्याचा आवाज आणि वासही येऊ नये. मग तो कळपात सोडला की माजावर न येणाऱ्या बऱ्याच शेळ्या थोड्या दिवसांच्या अंतराने माजावर येतात. सोबत महिनाभर खुराक वाढवावा. खर्च थोडा आणि धोका जवळपास नाही.

हार्मोनचा खरा उपयोग गटाला आहे. दहा-वीस घरांच्या शेळ्या एकत्र नोंदवल्या, पशुवैद्यकाने गर्भतपासणी केली, उस्मानाबादी किंवा संगमनेरी जातिवंत बोकडाचं रेतन ठरलेल्या दिवशी मिळालं, तरच हा खर्च वसूल होईल.

२०१९च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या आहेत. त्यातल्या अनेक भूमिहीन आणि अल्पभूधारकांच्या दावणीला आहेत. शेळीवाटपाचा आकडा जाहीर होतो, तसा गाभण राहिलेल्या शेळ्यांचा आणि जगलेल्या करडांचाही व्हायला हवा. नुसतं इंजेक्शन वाटून हे आकडे सुधारणार नाहीत, त्यामागची सेवाही गावात पोहोचावी लागेल.