दाखल केल्यानंतर काय?

जटा वाढलेला, स्वतःशीच पुटपुटणारा माणूस फलाटावर दिसला की ‘उचला आणि टाका येरवड्याच्या मनोरुग्णालयात’ हा सल्ला तयार असतो. दुसरीकडे, इच्छेविरुद्धची भरती म्हणजे निव्वळ कैद, असे मानणारेही आहेत. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा या दोघांपेक्षा शहाणा आहे. स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या अशा भटक्या रुग्णाला पोलिसांनी संरक्षणात घ्यावे, कोठडीत डांबू नये, चोवीस तासांत सरकारी रुग्णालयात न्यावे, असे कलम १०० सांगते. निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसलेल्याला दाखल करता येते, पण तीस दिवसांपर्यंतच; पुढे मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची परवानगी लागते. घर नाही एवढ्या कारणावरून कुणालाही रुग्णालयात ठेवता येत नाही.

मग ठेवायचे कुठे? खरी गोम इथे आहे. बरे झालेल्यांसाठी पुनर्वसनगृहे उभारण्याची जबाबदारी सरकारची. सर्वोच्च न्यायालयाने वारंवार कान उपटूनही राज्ये ढिम्मच. (निविदा काढायला रस्ते-पूल असताना याला कोण विचारतो!) कर्जतच्या ‘श्रद्धा’ संस्थेने रस्त्यावरच्या हजारो रुग्णांना उपचारांनंतर देशभरातल्या त्यांच्या गावी पोहोचवले, तिचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८मध्ये मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. एक संस्था हे करते, तर यंत्रणेला अडचण कसली? सक्तीचा वाद जरूर घालावा, पण गावी परतलेल्याचे उपचार तुटू नयेत म्हणून त्याला तालुक्याच्या रुग्णालयात दरमहा गोळ्या मिळतील, याची तजवीज आरोग्य खात्याने आधी करावी.