वाळवंटातील झगमगाट आणि बिछाना घालणारे हात

अमेरिकेची वारी करून परतणाऱ्या आपल्या मध्यमवर्गीयांच्या तोंडी लास व्हेगासचे नाव हल्ली एखाद्या तीर्थक्षेत्रासारखे येते. मुलीच्या आग्रहाखातर मीही तेथे दोन रात्री काढल्या. निम्म्या उंचीचा आयफेल मनोरा, छताखाली वाहणारे व्हेनिसचे कालवे, संगीताच्या तालावर नाचणारी कारंजी, सारे पाहिले. ते नेत्रदीपक आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच की, हे वैभव कोणाच्या पैशावर आणि कोणाच्या श्रमावर उभे आहे?

उजाड वाळवंटात खासगी साहसाने नंदनवन फुलविले, असे सांगितले जाते. इतिहास निराळा आहे. १९३१ साली, महामंदीच्या काळात, नेवाडा राज्याने जुगार कायदेशीर केला. त्याच साली जवळच कोलोरॅडो नदीवर हूव्हर धरणाचे काम सुरू झाले, ते संघसरकारच्या पैशाने. या शहराचे सुमारे ९० टक्के पाणी आजही त्या धरणाच्या जलाशयातून येते. खासगी साहसाचा घसा सार्वजनिक पाण्याने ओला होतो तो असा! शिवाय ज्या रस्त्यावर ही प्रचंड हॉटेले आहेत, तो बहुतांशी नगराच्या हद्दीबाहेर आहे. नगराचे कर लागू नयेत म्हणून मालकांनी १९५० साली हद्दवाढ हाणून पाडली. नाव शहराचे हवे, कर मात्र शहराला नको.

आता ‘नशिबा’चा विचार करू. तेथील रूलेटच्या चक्रावर ३८ घरे असतात. एका आकड्यावर लावलेला डॉलर लागला, तर मूळ डॉलर धरून ३६ मिळतात. म्हणजे प्रत्येक घरावर एकेक डॉलर लावणाऱ्याचे ३८ जातात आणि ३६ परत येतात. शंभरामागे सव्वापाच डॉलर मालकाचे, हे चक्र फिरण्यापूर्वीच ठरलेले असते. अलीकडे अनेक जुगारघरांनी एक घर वाढवून हा वाटा साडेसातांवर नेला आहे. खेळणाऱ्यापुरते याला नशीब म्हणता येईल. मालकाच्या दृष्टीने हे निव्वळ अंकगणित आहे. यातून नवी संपत्ती निर्माण होत नाही. अनेकांच्या खिशातली थोडक्यांच्या तिजोरीत जाते.

“पण हजारो लोकांना रोजगार मिळतो ना?” असा प्रश्न येतोच. मिळतो. परंतु त्या रोजगाराला जी प्रतिष्ठा आहे, ती मालकांची देणगी नव्हे. खोल्या झाडणाऱ्या, बिछाने घालणाऱ्या, भांडी घासणाऱ्या कामगारांच्या ‘क्युलिनरी युनियन’ने ती लढून मिळविली आहे. १९९१ साली ‘फ्रंटियर’ हॉटेलच्या सुमारे ५५० कामगारांनी संप पुकारला. तो सहा वर्षांहून अधिक काळ चालला आणि १९९८ साली विजयाने संपला. या साऱ्या काळात त्यांच्यातील एकही जण संप मोडून कामावर गेला नाही. व्हेनिसचे कालवे मिरविणाऱ्या हॉटेलने १९९९ पासून संघटनेला दार बंद ठेवले होते. त्यालाही २०२४ साली करार करावा लागला. त्या शहरातले खरे आश्चर्य हे आहे. पण एकाही सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत ते मला आढळले नाही.

हा विषय सातासमुद्रापलीकडचा म्हणून सोडून देता येत नाही. पणजीला मांडवीच्या पात्रात जुगाराच्या बोटी उभ्या आहेत. महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोंचा कायदा करून ठेवला होता. तो कधीच अंमलात आला नाही आणि अखेर २०२३ साली रद्द झाला, हे योग्यच झाले. परंतु विकासाच्या नावाने तीच मागणी उद्या नव्या वेषात येईल. तेव्हा कार्यकर्त्यांनी नीतीचे प्रवचन देत बसू नये. जुगाराने नवे काय निर्माण होते, पाणी कोणाचे, कर कोणाला आणि कामगाराला संघटनेचा हक्क आहे की नाही, हे चार प्रश्न विचारावेत.

आणि लास व्हेगासहून कोणी परतले, तर किती जिंकलात हे विचारू नये. तुमचा बिछाना घालणारीशी दोन शब्द बोललात का, एवढेच विचारावे.