चोखणीला मध? मुळीच नको!



एरवी मधाचा थेंब न चालणाऱ्या आपल्या घरांतही बाळ रडलं की कुणीतरी म्हणतंच, "चोखणीला जरा मध लावा, तान्ह्याला कसला दोष?" मला हे अजिबात पटत नाही. मध आपण टाकला तो जीवहिंसा नको म्हणून. इथे तर बाळाचाच जीव धोक्यात येतो. मधात बोटुलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ती वाढून विष तयार करतात. बाळ मलूल होतं, दूध ओढेनासं होतं, श्वासही अडखळू शकतो. मध "शुद्ध" असला किंवा घरी उकळला तरी हा धोका टळत नाही. मधाऐवजी गूळ-साखरही नको, दात किडतात.

चोखणी द्यायचीच तर बाळ अंगावर नीट प्यायला लागल्यावर, महिन्याभराने द्या. ती एकसंध सिलिकॉनची, तोंडापेक्षा मोठ्या चकतीची, हवेला भोकं असलेली घ्या. रोज ओढून बघा; चीर दिसली की फेका. दोऱ्यात ओवून गळ्यात कधीच बांधू नका, फास बसतो.

आणि आधी बघा, बाळ भुकेलं तर नाही ना? भुकेल्या बाळाला चोखणी देणं ही फसवणूकच.