टाकलं कुणी?

कळंबला एका घराच्या ओट्यावर बायकांची बैठक चालली होती. समुद्र हाकेच्या अंतरावर, सुरूच्या झाडांतून वारा घोंगावत होता. विषय पोटगीचा होता, पण बोलता बोलता भलतीकडे गेला. नालासोपाऱ्याहून रोज लोकलने अंधेरीला कामाला जाणारी एक मुलगी सहज म्हणाली, "त्याचं नाव नको, आमचा ब्रेकअप झालाय." शेजारच्या साठीच्या मावशींनी विचारलं, "म्हणजे टाकलं का गं तुला त्यानं?" मुलगी फणकारली, "टाकेल कशाला, मावशी? मीच केला ब्रेकअप." मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं आहे बाई. आमच्या वेळी बाईनं करायचा असा शब्दच नव्हता."

मावशींना नवऱ्यानं टाकलं त्याला तीस वर्षं झाली. घटस्फोट नाही, पोटगी नाही, रेशनकार्डावर वेगळं नाव नाही. माहेरच्या पडवीत राहून, भाजी विकून त्यांनी दोन मुलं वाढवली. गावात त्यांची ओळख मात्र एकच: "ती टाकलेली."

त्या दिवसापासून हे दोन शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत. शब्दांचा कीस पाडणं हे विद्वानांचं काम, असं आपण समजतो. पण बाईच्या बाबतीत कोणता शब्द वापरायचा यावर तिचं अर्धं आयुष्य ठरतं. म्हणून हा खटाटोप.

आधी 'ब्रेकअप' पाहू. इंग्रजीत क्रियापदाला एक छोटासा शब्द जोडला की त्याचा अर्थ पालटतो. 'ब्रेक' म्हणजे मोडणे; त्याला 'अप' जोडलं की साफ मोडून निकालात काढणे. जुनं जहाज मोडीत काढायचं, गोठलेल्या नदीवरचा बर्फ फुटायचा, सभा पांगायची, शाळेला सुट्टी लागायची, या सगळ्याला तिकडे हेच क्रियापद. पुढे ते माणसामाणसांतल्या नात्यालाही लागू झालं. आपल्याकडे येताना त्याचं नाम झालं आणि आपण त्याला आपली क्रियापदं लावली. 'ब्रेकअप केला' आणि 'ब्रेकअप झाला'. हा फरक लहान वाटतो, पण तो लहान नाही. 'केला' म्हटलं की करणारं कोणीतरी आहे. 'झाला' म्हटलं की पाऊस पडावा तसं ते आपोआप घडलं.

आता आपलं 'टाकून देणे'. मराठीत आपण दोन क्रियापदं जोडतो. 'देणे' या शब्दात खरं तर औदार्य आहे, पण 'टाकून देणे'त कुणाला काही दिलं जात नाही. पीडा गेली एवढंच त्यातून कळतं. नासलेलं दूध टाकून देतात, फाटकी चटई टाकून देतात आणि बायको टाकून देतात. 'नवऱ्यानं बायको टाकली' या वाक्यात निदान नवरा आहे. पण 'ती टाकलेली आहे' म्हटलं की नवरा वाक्यातून पसार! त्यानं केलेली कृती आता तिचा गुण झाली. ती उंच आहे, सावळी आहे, तशी टाकलेली आहे. त्याला मात्र 'टाकणारा' म्हणून गावात कोणी ओळखत नाही. त्यानं 'दुसरी केली', एवढंच.

बाईला शब्दच नव्हता, हे मावशींचं म्हणणं त्यांच्यापुरतं खरं आहे. पण आपल्या भाषेत 'काडीमोड' हा शब्द होता. अनेक जातींत पंचांसमोर काडी मोडली की लग्न मोडलं असं मानत, आणि त्यानंतर बाईला पाट लावता येई. या प्रथेचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पंच पुरुषच असत आणि नवऱ्याचा खर्च भरून देताना बाईच्या माहेरचे बेजार होत. तरी एक दार होतं. ज्यांना उच्च म्हणत त्या जातींतल्या बाईला तेही नव्हतं. १८७६ साली 'रेग विरुद्ध शंभू रघू' या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की, लग्न मोडल्याचं जाहीर करण्याचा किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार आम्ही मानत नाही. पंचांचा अधिकार गेला, पण त्याच्या जागी बाईच्या हाती कायद्याचं दुसरं दार काही दिलं नाही.

याच न्यायालयात १८८४ साली रखमाबाईंच्या नवऱ्यानं दावा लावला, की बायकोला माझ्याकडे नांदायला पाठवा. लहानपणी झालेलं लग्न, त्या कधी नांदायला गेल्याच नव्हत्या. १८८७ मध्ये हुकूम झाला: नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या. बाईनं 'मी येत नाही' असं म्हणणं, म्हणजे वाक्याचा कर्ता होणं, किती महाग पडतं ते या खटल्यानं सगळ्यांना दाखवलं.

मुंबई प्रांतात हिंदू बाईला घटस्फोटाचा कायदा मिळाला तो १९४७ साली, देशभर १९५५ साली. आपल्या वसईतल्या ख्रिस्ती बहिणींची कथा आणखी लांबली. १८६९ च्या कायद्यानं नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा टाकून देणं असं आणखी काही सिद्ध करावं लागे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ही विषमता घटनाबाह्य ठरवली आणि संसदेनं कायदा बदलला तो २००१ साली. म्हणजे १३२ वर्षांनी!

चळवळीनंही शब्द बदलले. संगमनेरला अॅड. निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी १९८० च्या दशकापासून या स्त्रियांना संघटित केलं. 'परित्यक्ता' हा शब्द मोर्चात, परिषदेत, सरकारी कागदावर आला. या कामावरच्या आपल्या पुस्तकाला शिवूरकरांनी नाव मात्र दिलं 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा'. मला ते पटतं. 'परित्यक्ता' शब्दाला प्रतिष्ठा आहे, पण त्यातही टाकणारा दिसत नाही. आता 'एकल महिला' म्हणतात. त्यात विधवा, अविवाहित, घटस्फोटिता सगळ्या एकत्र येतात. एकजुटीला हा शब्द चांगलाच. पण त्यातून टाकण्याची क्रियाही गेली. २०११ च्या जनगणनेत घटस्फोटित आणि विभक्त यांची पहिल्यांदा वेगवेगळी मोजणी झाली, ही चांगली गोष्ट. पण 'विभक्त' हा शब्द ऐकून वाटतं, दोघं समजुतीनं आपापल्या वाटेला लागली. मावशी कुठे विभक्त झाल्या? त्यांना रात्री घराबाहेर काढलं होतं.

म्हणून नव्या शब्दाच्या कौतुकातही जरा सावध राहायला हवं. 'मीच केला ब्रेकअप' असं मुलीनं ताठ मानेनं म्हणावं, ही आपल्या आयांनी-आज्यांनी सोसलं त्याची कमाई आहे. नको असलेलं नातं सोडायचा तिचा हक्क पुरता आहे. पण लग्नाचं खोटं वचन देऊन, तिच्या पगारावर जगून तो निघून गेला, तर 'ब्रेकअप झाला' म्हणून त्यावर पांघरूण घालू नये. तिथे फसवणूक हाच शब्द. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ६९ लग्नाचं खोटं वचन देऊन शरीरसंबंध ठेवण्याविरुद्ध आहे. नातं तुटणं वेगळं आणि फसवणं वेगळं. दोन्हींची गल्लत केली तर नुकसान बाईचंच.

गंमत अशी की, जे आपल्या बोलण्यात नाही ते पोटगीच्या कायद्यात आहे. जुनं कलम १२५, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. ऐपत असूनही जो पुरुष बायकोचं पालनपोषण करायला हयगय करतो किंवा नकार देतो, त्याच्याविरुद्ध हुकूम निघेल, असा त्याचा आशय. तिथे कर्ता तो आहे, आणि जाब त्याला द्यायचा आहे!

तेव्हा मैत्रिणींनो, आपल्या सल्ला केंद्रांच्या वहीत, अर्जात, सर्वेक्षणात नुसतं 'परित्यक्ता' लिहून रकाना भरू नका. पूर्ण वाक्य लिहा. कुणी टाकलं, कोणत्या साली, पोटगी दिली की नाही, घरातून काढताना अंगावरचं काय काढून घेतलं. कळंबच्या बैठकीत मावशींचा अर्ज त्या ब्रेकअपवाल्या मुलीनंच लिहून दिला. सुरुवातीला तिनं 'मी परित्यक्ता असून' असं लिहिलं होतं. मावशींनी ते खोडायला लावलं. आता पहिलं वाक्य असं आहे: "माझ्या नवऱ्याने मला टाकले."

तुमच्या भागात या गोष्टींना काय म्हणतात, तेही जरूर कळवा.