पडायलाच उभा

निवडणुकीच्या दिवसांत रत्नागिरीच्या मारुती मंदिर परिसरात भर उन्हात एकट्याने पत्रकं वाटणारा अपक्ष दिसला, की चहाच्या टपरीवर त्याचा निकाल लागलेलाच असतो : ‘कोणीतरी उभा केलान याला, मतं खायला!’ स्वतःच्या हौसेने कोणी उभं राहत असेल, हे आपल्या पचनीच पडत नाही.

तसं वाटायला कारणही आहे. 2014 साली रायगड मतदारसंघात (आपले दापोली, गुहागर तिकडेच मोडतात) अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांना हरवलं, ते 2,110 मतांनी. यादीत खाली आणखी एक सुनील तटकरे होते, अपक्ष. त्यांना पडली 9,849 मतं. तेव्हा यंत्रावर उमेदवाराचा फोटो नसायचा. 2015 पासून तो आला, तरी 2024 मध्ये गीत्यांच्या वाट्यालाही नामसखे आलेच.

हौशे-गवशे कमी व्हावेत म्हणून अनामत वाढवत नेली. 1996 पूर्वी लोकसभेला 500 रुपये पुरायचे, मग 10,000 झाले, आता 25,000. हे औषध भलत्यालाच पाजलंय असं मला वाटतं. ज्याला कोणी मुद्दाम उभं करतं, त्याची अनामत भरणाराही कोणी असतोच. खिशाला कात्री लागते ती स्वतःच्या हिमतीवर उतरणाऱ्याच्या. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, याला दहा गोळा करावे लागतात. 2024 ला आपल्याकडे माघारीची मुदत संपली 22 एप्रिलला, चिन्ह त्यानंतर, आणि 5 मेला प्रचार बंद. तेवढ्यात चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत शिट्टी नाहीतर कपबशी पोचवायची! अनामत वाचवायला एक षष्ठांश मतं, म्हणजे आपल्याकडे दीड लाखाच्या घरात.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये अध्यक्षपदाच्या पक्षांतर्गत निवडणुकीला हजार डॉलर भरले की नाव यादीत येतं. डोक्यावर बूट घालून ‘प्रत्येकाला तट्टू फुकट’ म्हणणारा व्हर्मिन सुप्रीम तिथे अनेकदा उभा राहिलाय. आपल्याकडे पक्षाचं तिकीट कोणाला, हे मतदाराला विचारतंय कोण? ते मुंबई-दिल्लीत ठरतं. मग पक्षात ज्याला कोणी विचारत नाही, तो थेट मुख्य निवडणुकीत अर्ज भरतो आणि बंडखोर नाहीतर डमी ठरतो.

अशा अपक्षांची पत्रकं मी वाचतो. बहुतेकांत मुंबई-गोवा महामार्ग असतो. तो मोठ्या पक्षांच्या जाहीरनाम्यातही असतो म्हणा. पण हा प्रचाराला त्याच खड्ड्यांतून स्कूटरने जातो.