पडदा कीं खिडकी ?

आमच्या घरीं जुनी मोटार देऊन नवी घेण्याचें घाटत आहे. घर एकत्र, माणसें सात. तेव्हां तीन ओळींची मोटार घ्यावी हें ठरावयास वेळ लागला नाहीं. वाद निघाला तो निराळ्याच वस्तूवरून. पुढील आसनांच्या पाठीस दोन पडदे कायमचे जडवून घ्यावे, म्हणजे मागें बसणाऱ्या मुलांना चित्रपट पाहतां येतील, असें चिरंजीवांनीं सुचविलें. माझा सारा जन्म वर्गांत मुलें सांभाळण्यांत गेलेला. "मुलांना खिडकी पुरे आहे," असा निकाल मीं तेथल्या तेथें देऊन टाकला. त्यावर सूनबाई शांतपणें म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही नेहमीं पुढें बसतां. एकदां मागें बसून पाहा."

हें वाक्य मला लागलें, कारण तें खरें होतें. म्हणून गेल्या कार्तिकांत श्रीअंबाबाईच्या दर्शनासाठीं पुण्याहून कोल्हापुरास जातांना सूनबाईंना पुढें बसवून मी मागें, दोन नातवंडांच्या मध्यें बसलों. पडद्यांवर पैसे घालण्यापूर्वीं परीक्षा व्हावी म्हणून चिरंजीवांनीं घरचा टॅब पुढील आसनाच्या पाठीस पक्का बांधून दिला होता.

कात्रजचा बोगदा येण्यापूर्वींच चित्र सुरू झालें. नीरेचा पूल आला आणि गेला. "ही नीरा, येथें पुणें जिल्हा संपून सातारा लागला," असें मीं सांगितलें; पण दोघांच्याही कानांवर हेडफोन असल्यामुळें तें कोणीच ऐकलें नाहीं. मग खंबाटकीचा घाट लागला, आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर सहा वर्षांच्या नातवाचा चेहरा पांढराफटक पडला. सूनबाईंनीं पुढून पिशवी दिली. पुढचें वर्णन करण्याचें कारण नाहीं. प्रवासांत मुलें सांभाळणाऱ्या प्रत्येक गृहिणीस तें ठाऊक आहे.

याचें कारण शरीररचनेंत आहे. आपल्या अंतःकर्णांत तोल जाणणारें इंद्रिय असतें. मोटार वळली कीं तें मेंदूस 'आपण वळलों' असें कळवितें. पण डोळे पडद्यावर खिळलेले असले म्हणजे ते 'आपण जागेवरच आहों' असें सांगतात. दोन साक्षीदारांच्या जबान्यांत असा विरोध आला कीं मळमळ सुटते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास विशेष होतो. बाहेर दूरवर नजर ठेविली म्हणजे दोन्ही साक्षी जुळतात. म्हणून घाटांत पडदा आणि पुस्तक दोन्हीं वर्ज्य समजावीं.

टॅब बंद झाला, आणि मीं मेघदूताचा आधार घेतला. यक्ष मेघाला वाट सांगतो तेव्हां रेवा, वेत्रवती, शिप्रा अशा नद्यांच्या खुणा देतो. मग कोल्हापूरची वाट तशी कां सांगूं नये? भुईंजपाशीं कृष्णा लागली, कऱ्हाडाशीं कोयना, आणि पुढें सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांच्या सीमेवर वारणा. ह्या सर्वांचें पाणी अखेर कृष्णेंतच जातें. मागें सोडलेली नीराही भीमेच्या वाटेनें तिलाच मिळते, असें मीं सांगितलें. दहा वर्षांची नात थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "आजोबा, समुद्र तर पलीकडे कोंकणांत जवळच आहे. मग कृष्णा तिकडे कां जात नाहीं?" महाबळेश्वरीं उगम पावलेली कृष्णा अरबी समुद्र इतका जवळ असतां सुमारें चौदाशें किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास मिळते, कारण सह्याद्रीच्या माथ्यावरून तिला उतार मिळाला तो पूर्वेचा. हें समजावितां समजावितां पंचगंगेचा पूल केव्हां आला तें कळलें नाहीं. मला वाटलें, वाद मीं जिंकला.

परतीची हकीकतही तितक्याच प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. साताऱ्याच्या पुढें अंधार पडला. खिडकींत दिसण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. गोष्टी संपल्या, भेंड्या संपल्या, गुडघे दुखूं लागले. पुण्याजवळ वाहनांच्या रांगेंत अडकलों तेव्हां नातू रडकुंडीस आला, आणि शेवटीं मींच म्हणालों, "लावा तें चित्र एकदांचें!" सूनबाईंनीं मागें वळून टॅब लावून दिला, त्या हंसल्या नाहींत. त्या हंसल्या असत्या तर मला बरें वाटलें असतें. 'खिडकी पुरे' हा उपदेश मी इतकीं वर्षें दुसऱ्याच्या श्रमांवर करीत आलों, हें मला त्या रांगेंत कळलें.

तेव्हां पडदा मुळींच नको असें आतां मी म्हणत नाहीं. पण तो मोटारींत कायमचा जडवून घ्यावा काय, ह्याला माझें उत्तर 'नाहीं' असेंच आहे. मोटार दहा-पंधरा वर्षें चालते. यंत्रांची तऱ्हा त्याहून पुष्कळ लवकर बदलते. अमेरिकेंत ओल्ड्समोबिल ह्या नांवाच्या एका कुटुंबाच्या गाडींत १९९९ सालीं पडदा आणि व्हिडिओ कॅसेटचें यंत्र कारखान्यांतूनच बसवून येत असे. पुढें कॅसेटी गेल्या, डीव्हीडी आली आणि तीही मागें पडली. ओल्ड्समोबिल हें नांवही २००४ सालीं बंद झालें. टॅब जुना झाला तर बदलतां येतो आणि घरींही उपयोगी पडतो. मात्र तो हातांत किंवा मांडीवर सैल ठेवूं नये. एकाएकीं ब्रेक लागला तर तो दगडासारखा अंगावर येतो. तो पक्का बांधावा, आणि मुलांचे पट्टेही.

शिवाय समोर जडविलेली वस्तु सदा खुणावीत राहते. दोन ते चार वर्षांच्या मुलांनीं दिवसांत एक तासाहून अधिक वेळ पडद्यापुढें बसूं नये, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें आहे. कोल्हापूरच्या एका खेपेंत तेवढा वेळ साताऱ्यापूर्वींच संपून जाईल.

आमच्या घरीं आतां असें ठरलें आहे: घाटांत पडदा नाहीं, उजेड आहे तोंवर खिडकी, अंधार पडल्यावर किंवा वाहनांच्या रांगेंत एक तास चित्र, आणि तें हेडफोन न लावतां, सर्वांना ऐकूं येईल असें. चौथें कलम सूनबाईंचें आहे. मुलांजवळ बसण्याची पाळी घरांतील प्रत्येक मोठ्या माणसानें घ्यावयाची. नव्या मोटारीच्या पहिल्या प्रवासांत ती चिरंजीवांकडे आहे. मोटार सूनबाई चालविणार आहेत.